फगवा द्या, मग पुढे जा!

होळीनंतरचे चार-पाच दिवस मेळघाटातून मोटारीने जायचे असेल, तर खिशात सुट्टे पैसे असू द्यावेत, हे आम्हां अमरावतीकरांना कुणी सांगावे लागत नाही. पण आमचे जावई पडले पुण्याचे. २०२५ ची होळी झाली आणि तिसऱ्या दिवशी मी, आमचे हे, लेक आणि जावई असे चौघे सेमाडोहला निघालो. परतवाडा मागे पडले, घाट चढून घटांगचा फाटाही गेला. पळस फुलले होते, सागाची पाने गळून रान उघडे पडले होते, आणि एका वळणावर पाहतो तो रस्त्यावर आडवी दोरी!

दोरीच्या एका टोकाला दोन पोरी, दुसऱ्या टोकाला एक पोरगा. मधे आठ-दहा बाया, ठेवणीतली लुगडी नेसून, एकमेकींच्या कमरेत हात घालून गाणे म्हणत होत्या. बाजूला एक म्हातारबुवा टिमकी वाजवत होते. गाडी थांबली तशी ती रांग झुलत झुलत गाडीभोवती आली. कोरकू भाषेतले ते गाणे आमच्यापैकी कुणाला कळत नव्हते. पण मागणे कळत होते. फगवा!

जावईबापूंनी काच खाली केली नाही. "ही तर सरळ सरळ खंडणी झाली," ते म्हणाले. "सरकारी रस्ता आहे. अडवायचा यांना हक्क काय?"

मी माझ्या बाजूची काच उतरवली. एक साठीची बाई पुढे वाकली. माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून हसली आणि वऱ्हाडीत म्हणाली, "आमच्या दारावून चाल्ली तं सनाचं काई देऊन जाय ना बाई."

मी वीस रुपये दिले. तिने ते कपाळाला लावले, माझ्या कपाळावर गुलालाचे बोट ओढले, आणि दोरी खाली पडली. गाडी पुढे निघाली. जावई गप्प होते; पण मला ते एकच वाक्य पुढचे कितीतरी मैल पुरले. 'आमच्या दारावून.' गेली साठ वर्षे मी या डोंगरात येते आहे. कधी हवा खायला, कधी पाऊस पाहायला, कधी नातवंडांना वाघ दाखवायला म्हणून. पण आपण कुणाच्या दारावरून चाललो आहोत, हे माझ्या मनात किती वेळा आले असेल?

वाचकहो, मी चिखलदरा पहिल्यांदा पाहिले ते १९६४ च्या मे महिन्यात. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आम्ही अकोल्याचे. अकोल्याचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला हवापालट ही चैन वाटत नाही. तो जिवाचा प्रश्न वाटतो. दारा-खिडक्यांना वाळ्याचे ताटे, संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपायचे आणि मध्यरात्र उलटेपर्यंत उशी गरमच. माझ्या आत्याचे यजमान वकील होते. त्या वर्षी त्यांनी पंधरा दिवसांसाठी वर एक बंगला भाड्याने घेतला, आणि आमची वरात निघाली. अकोल्याहून मोठ्या गाडीने मूर्तिजापूर. तिथून छोट्या रुळांच्या गाडीने, म्हणजे आमच्या शकुंतलेने, अचलपूर. शकुंतला आता बंद पडली. पण तेव्हा तिची ऐट पाहावी! चालत्या गाडीतून उतरून बोरे वेचावीत आणि पुन्हा डब्यात चढावे, असा तिचा वेग. अंजनगावला आत्याने विड्याची पाने घेतली. परतवाड्याहून एस.टी. बरोबर ट्रंका, स्टोव्ह, लोणच्याच्या बरण्या आणि पाटा-वरवंटासुद्धा!

साडेतीन हजार फुटांहून उंच असलेल्या त्या बंगल्यात पहिल्या रात्री आम्ही पांघरुणे घेऊन झोपलो, आणि आत्या म्हणाली, "स्वर्ग, स्वर्ग म्हणतात तो हाच." त्या स्वर्गात नळ मात्र नव्हता. खालच्या तलावावरून एक कोरकू बाई डोक्यावर एकावर एक दोन भांडी घेऊन पाणी आणायची. आम्ही माणसे अकरा. उकाड्यातून आलेली, त्यामुळे दोनदा स्नानाची सवय. ती बाई दिवसाला किती खेपा घालत असेल, याचा हिशेब मी आता करते. तेव्हा आत्या हिशेब करायची तो पैशांचा. त्या बाईला आम्ही सगळे 'पाणीवाली' म्हणायचो. तिला दुसरे नाव असेल असे कुणाच्या मनातही आले नाही.

पाणीवालीबरोबर माझ्याच वयाची तिची मुलगी यायची. आमची गट्टी जमायला भाषा लागली नाही. मी तिला केसांची लाल फीत दिली. तिने मला दगडाने आवळे कसे पाडायचे ते शिकवले. एके दुपारी मोठी माणसे झोपलेली पाहून तिने माझा हात धरला आणि उतारावरच्या पायवाटेने मला आपल्या ढान्यावर नेले. ढाना म्हणजे कोरकूंची वस्ती. मला अजून ती जशीच्या तशी दिसते. समोरासमोर दोन सरळ रांगांत घरे, मधे झाडून लखलखीत केलेला रुंद रस्ता, कुडाच्या भिंतींना सारवण. आमच्या अकोल्याच्या गल्लीपेक्षा ती वस्ती कितीतरी नीटनेटकी होती, असे मला तेव्हाही वाटले होते. पाणीवाली दारातच होती. तिने घाईघाईने बाज बाहेर काढली, हाताने झटकली, मला तीवर बसवले आणि आपण उभी राहिली. मग पानावर कुटकीचा भात आणि पातळ डाळ आली. मी जेवले. सगळा ढाना भोवती उभा राहून माझे जेवण पाहत होता.

बंगल्यावर परतले तेव्हा आत्या दारात उभी होती. कुठे गेले होते, काय खाल्ले, सगळे बाहेर आले. मला मागच्या पडवीत नेऊन डोक्यावरून अंघोळ घातली गेली. ते पाणी पाणीवालीनेच आणलेले होते. आत्या वाईट बाई नव्हती. उलट जाताना तिने पाणीवालीला एक जुने लुगडे आणि ठरल्यापेक्षा जास्त दोन रुपये दिले. पण त्या पंधरा दिवसांत ती मुलगी आमच्या ओसरीच्या पायरीपलीकडे कधी आली नाही, आणि तिला कुणी 'ये' म्हटले नाही.

चिखलदऱ्याचा इतिहास कुठल्याही माहितीपुस्तकात सापडतो. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले म्हणून कीचकदरा, त्याचे पुढे चिखलदरा झाले. भीमाने हात धुतले ते भीमकुंड. विराट राजाची नगरी ती वैराट. ही झाली पुराणातली मंडळी. मग १४२५ च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहाने गाविलगड बांधला. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या फौजेने डोंगरातून वाटा काढत तोफा वर चढवल्या आणि १५ तारखेला भोसल्यांचा हा किल्ला पडला. पुढे दोन दिवसांत देवगावचा तह आणि महिना संपायच्या आत सुर्जी-अंजनगावचा. आत्याने विड्याची पाने घेतली तेच हे अंजनगाव. त्यानंतर वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या साहेबाने चिखलदऱ्याचा 'शोध लावला', असे पुस्तके सांगतात.

या वाक्याशी मी शाळेत शिकवताना नेहमी अडखळत असे. शोध लावला, म्हणजे तोवर ते हरवले होते काय? त्या साहेबाला वाट दाखवणारा कुणी तरी असेलच की! कोरकू इथे कधीपासून आहेत ते त्यांच्या भाषेवरून ताडावे. ती मराठीची बहीण नाही, हिंदीची नाही आणि गोंडीचीही नाही. तिची नाती छोटा नागपुरातल्या मुंडारी-संथाळीशी आणि त्याही पलीकडे दूर पूर्वेकडच्या भाषांशी लागतात. त्या सगळ्या कुळातली पश्चिमेकडे सर्वांत लांब येऊन राहिलेली भाषा ती ही. आणि माहितीपुस्तकात या लोकांना जागा कुठे? शेवटच्या पानावर. 'आदिवासी नृत्य' या मथळ्याखाली.

साहेब आला, त्याला हवा मानवली, बंगले उठले, कॉफीची झाडे लागली. साहेब गेला, आणि त्याच्या बंगल्यांत आमच्या आत्यासारखी वकिलांची, डॉक्टरांची बिऱ्हाडे आली. आता मोटारी आल्या. जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी पाहावे. अमरावती, अकोला, नागपूर, अगदी बऱ्हाणपुरापासूनच्या गाड्या घाटात एकीमागे एक अडकलेल्या असतात. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, जिकडे तिकडे धुके आणि धुक्यातून वाजणारी गाणी. सोमवारी सकाळी धुके उरते आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या.

पैसा येत नाही असे नाही. मोथा गावच्या गवळ्यांनाच विचारा. मोथ्याचे गवळी पिढ्यान्पिढ्या गायी-म्हशी राखणारे. पाहुणे वाढले तसा त्यांच्या दुधा-खव्याला घरबसल्या भाव आला. हल्ली तर तिथे स्ट्रॉबेरीही पिकते आणि रस्त्याच्या कडेला विकली जाते. कणसे भाजणारी बाई रविवारी चार पैसे गाठीला बांधते. जीपवाल्यांची, खोल्या भाड्याने देणाऱ्यांची चूल पेटते. हे नाकारून मी कुणाच्या पोटावर पाय आणणार नाही. चिखलदऱ्यात पाहुणे येऊ नयेत असे मला तिथला एकही माणूस कधी म्हणाला नाही. त्यांचे म्हणणे वेगळेच असते. ते मला एका गवळ्याच्या म्हातारीने सांगितले. आम्ही तिच्या ओट्यावर रबडी खात होतो. समोरच्या टेकडीवर नव्या हॉटेलाचे बांधकाम चालू होते. ती म्हणाली, "ते वावर आमचंच होतं. इकलं तवा लय पैसे वाटले. आता पोरगा तिथंच गेटवर बसते."

जमीन हीच इथली खरी दुखरी नस आहे. २००८ मध्ये चिखलदऱ्याचे नवे गिरिस्थान आखण्यासाठी सिडकोची नेमणूक झाली. नव्या मुंबईची आखणी करणारी तीच ही संस्था. चिखलदऱ्याबरोबर शहापूर, मोथा, लवादा, आलाडोह ही गावेही त्या आराखड्यात आली. दरीवरून जाणारा चारशे मीटरहून लांब आकाशमार्ग उभारण्याचा बेतही त्यातलाच. पायाखाली काच आणि काचेखाली दरी. शहरातल्या माणसाला असल्या गोष्टींचे आकर्षण असते. मलाही आहे, खोटे कशाला बोलू? पण रस्ता येणार, हॉटेल येणार, ही बातमी बाहेरच्या पैसेवाल्याला आधी कळते आणि गवळ्याला नंतर. मधल्या काळात वावर विकले जाते.

आणि पाणी? साठ वर्षांपूर्वी ते डोक्यावरून येत होते, आता टँकरने येते. पावसाळ्यात या डोंगरावर पाणी इतके कोसळते, की ते कड्यावरून उड्या घेताना पाहायला आपण पेट्रोल जाळून जातो. पण खाली काळा खडक, उतार उभा. पडलेले पाणी थांबतच नाही. सिपना, खापरा, गाडगा, डोलार, खंडू या नद्या ते उचलून तापीत नेऊन टाकतात. मार्च सरला की चिखलदरा तालुक्यातल्या गावांचे घसे कोरडे पडू लागतात. खडीमल गावाची छायाचित्रे उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, ती आपण पाहिली असतील. टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि सगळे गाव विहिरीच्या काठाला ओणवे होऊन दोरीने ते गढूळ पाणी ओढते. तिथून काही मैलांवर त्याच मे महिन्यात मी एका हॉटेलात राहिले होते. न्हाणीघरात गरम-गार पाण्याचे फवारे होते आणि अंगणात पोहण्याचा तलाव. व्यवस्थापकाला मी विचारले, "पाणी कुठून आणता?" तो अभिमानाने म्हणाला, "मॅडम, आमचे स्वतःचे टँकर आहेत." मी दुसऱ्या दिवशी बादलीभर पाण्यात अंघोळ केली. त्याने खडीमलला तांब्याभरही फरक पडला नाही, हे मला ठाऊक आहे. २०१८ च्या मे महिन्यात सिमल्याच्या नळांना पाणी येईना, तेव्हा तिथल्या लोकांनी 'यंदा आमच्याकडे येऊ नका' असे पाहुण्यांना उघड सांगितले होते. सांगण्याइतका आवाज सिमल्याला आहे.

परतवाड्याच्या बसस्थानकावर दिवाळीनंतर एखादी सकाळ बसून पाहावी. वर जाणाऱ्या गाडीसाठी आपली मंडळी थांबलेली असतात. स्वेटर, टोप्या, फराळाचे डबे, पोरांच्या गळ्यात दुर्बीण. त्याच वेळी वरून आलेली गाडी रिकामी होते. तिच्यातून कोरकू कुटुंबे उतरतात. डोक्यावर गाठोडी, काखेत पोर, हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि तवा. खरिपाचे काम संपले, वर मजुरी नाही. म्हणून वीटभट्टीवर, बांधकामावर, मिळेल त्या गावाला चालली आहेत. ती परततात होळीला. पाहुणे घरात येत असताना घरधनी पोटासाठी बाहेर निघालेला, असे दुसरे घर मी कुठे पाहिलेले नाही. म्हणून होळीच्या फगव्याला इतके मोल आहे. वर्षातून तेवढे काही दिवस सगळी माणसे आपल्या दारात असतात.

मेळघाटातल्या पाहुण्यांची एक जात तर प्रवासी म्हणून मोजलीच जात नाही. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या गाजल्या. तेव्हापासून मंत्री, अधिकारी, समित्या, पत्रकार यांची जी रीघ लागली, तिच्यासाठी विश्रामगृहांतल्या किती कोंबड्या कामी आल्या असतील, देव जाणे! त्याला चांगला अपवादही सांगितला पाहिजे. डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे हे जोडपे बैरागडला वैद्यकी करायला म्हणून आले आणि तिथलेच झाले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तोवर तिकडच्या गावांत ते पाहुणे उरलेच नव्हते.

इथपर्यंतची हकिगत अमरावतीकडच्या बाजूची. माझे माहेर ज्या अकोला जिल्ह्यातले, त्याच्याकडेही या डोंगराची एक पायरी उतरते. अकोटच्या वर नरनाळ्याचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याला शहानूर. १९७३ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले, त्यात मेळघाट होता. वाघाला निवांत रान हवे म्हणून आतली गावे बाहेर काढायचे ठरले. बोरी, कोहा, कुंड ही गावे पहिल्याने उठली आणि अकोट तालुक्यात वसवली गेली. मग आणखी पुष्कळ. २००८ पासून एका कुटुंबाला दहा लाख रुपये किंवा त्याऐवजी जमीन-घर, असा व्यवहार झाला. कित्येक जण राजीखुशीने उतरले. रस्ता, शाळा, दवाखाना जवळ आला, हे त्यांच्या तोंडून मी ऐकले आहे. काही जणांचे पैसे दोन वर्षांत फटफटीत, लग्नात आणि दारूत गेले, हेही ऐकले आहे. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी भागात खाली बसवलेली माणसे पुन्हा आपल्या जुन्या गावाकडे वर गेली आणि वनखात्याची माणसे व गावकरी यांच्यात मोठी मारामारी झाली. दोन्हीकडची माणसे जखमी झाली. आणि गंमत अशी, की तिसऱ्या श्रावणी सोमवारी याच रानातल्या धारगडच्या महादेवाला परवानगीने हजारो भाविक जातात! देवाच्या पाहुण्यांना वाट मिळते. ज्यांची गावे तिथे होती, ते तेवढ्यापुरते त्याच गर्दीतले भाविक होऊन आपले रान पाहून येतात.

शहानूरच्या फाटकातून उघड्या जीपमधून मी एकदा आत गेले होते. वाटाड्या बाविशीचा तरुण होता. खाकी गणवेश, तोंडात पाखरांची इंग्रजी नावे. एका मैदानाशी त्याने जीप थांबवली. गुडघाभर पिवळे गवत, मधे मोहाचे झाड आणि पलीकडे सांबरांचा कळप. माझ्या शेजारच्या बाई फोटो काढत म्हणाल्या, "किती सुंदर कुरण आहे! नैसर्गिक आहे का हो?" तो म्हणाला, "नाही जी, गावठाण व्हतं." मग थोडे थांबून म्हणाला, "त्या मोहाजवळ आमच्या बुढ्याचं घर." जीपमधले एक गृहस्थ मागून म्हणाले, "वाघ केव्हा दिसेल?" कोरकू भाषेत वाघाला कुला म्हणतात. तो काही न बोलता खाली उतरला, धुळीतला पंजा शोधून त्याने त्यांना दाखवला आणि पुन्हा चढून बसला.

परतताना मी त्याला विचारले, "हे काम बरे वाटते का?" तो म्हणाला, "मजुरीहून बरं हाये. सायेब लोक मलेच विचारते, रस्ता कोन्ता?" त्याच्या बोलण्यात तक्रार मला दिसली नाही. दिसला तो एक प्रकारचा अधिकार. रान त्याच्या आजोबाच्या नावावर उरलेले नाही. पण त्या रानात पाहुण्याला कुठे न्यावे आणि कुठे नेऊ नये, हे अजून तो सांगतो. गेटवर बसणारा गवळ्याचा पोरगा आणि हा पोरगा या दोघांचा पगार कदाचित सारखाच असेल. पण एक दुसऱ्याचे फाटक उघडतो आणि दुसरा आपले घर दाखवतो. मला या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर वाटते.

ज्यांना घराची किल्लीच हाती मिळाली, असेही एक गाव आहे. पायथ्याचे पायविहीर. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली या गावाला आपल्या शेजारच्या उजाड जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने झाडे लावली, चराई बंद केली, बंधारे घातले, आणि रानातली सीताफळे एकेकट्याने व्यापाऱ्याला मातीमोल न विकता गावाने मिळून मुंबईपर्यंत पाठवली. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हापासून तिथेही पाहुणे येतात. दुसऱ्या गावांचे लोक, विद्यार्थी, अधिकारी. मात्र तिथे पाहुणा आधी विचारून येतो. ग्रामसभा त्याला बसवते, जंगल दाखवते आणि प्रश्न विचारू देते. क्वचित त्यालाच प्रश्न विचारते.

आता पुन्हा सेमाडोहला येते. तिथे आमचे जेवण थंड होत आहे.

जेवताना आमच्या लेकीने फोनवर तिच्या युरोपच्या सहलीची छायाचित्रे काढली. ही दोघे २०२४ च्या मे महिन्यात व्हेनिसला गेली होती. कालवे, नावा, पूल. एका चित्रात जावईबापू फोन पुढे धरून उभे होते.

"हे काय दाखवताहात?" मी विचारले.

लेक हसू लागली. "अगं, ती पावती. त्या वर्षी एप्रिलपासून तिथे नवा नियम झाला. गर्दीच्या दिवशी नुसते दिवसभरासाठी गावात यायचे, तरी माणशी पाच युरो. गावच्या लोकांना गर्दीचा फार त्रास होतो म्हणे."

"म्हणजे माणशी साडेचारशे रुपये," आमच्या ह्यांनी तोंडातला घास तसाच ठेवून हिशेब सांगितला. "कशाचे? गावात पाऊल ठेवण्याचे?"

"हो."

"आणि नाचगाणे?"

"ते नाही."

"गुलाल?"

जावईबापूंनी ताटात पाहिले. ते समंजस गृहस्थ आहेत, म्हणूनच मी हे लिहू धजले. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, "पण तिथे पावती होती, आई."

हा मुद्दा काही अगदीच खोटा नाही. व्हेनिसच्या नगरपालिकेला पावती छापता येते, सिमल्याला 'येऊ नका' म्हणता येते. घटांगच्या पुढल्या त्या बायांजवळ एक दोरी होती आणि वर्षातले चार दिवस होते. त्यांचे वीस रुपये कुठल्या खात्यात गेले हे मला ठाऊक नाही. संध्याकाळी सगळ्या ढान्याने मिळून काही तरी रांधले असेल. मला मात्र त्या दिवशी कुटकीच्या भाताची फार आठवण झाली. ज्या बाईने मला बाज झटकून दिली, तिला आमच्या घराने दोन रुपये आणि एक जुने लुगडे देऊन फिटंफाट केली होती. तिची मुलगी आज असेल तर माझ्याच वयाची, सत्तरीची असेल. काचेतून वाकून जी माझ्याशी बोलली, ती नव्हे. ती लहान होती. तरी मी तिच्या चेहऱ्यात उगाचच काही शोधत राहिले होते.

कोलकासला सिपनेच्या काठी तासभर बसून आम्ही उन्हे कलल्यावर परत निघालो. घटांग जवळ आले आणि पुन्हा दोरी. सकाळचीच माणसे की दुसरी, ते संधिप्रकाशात कळेना. चालकाने गाडी हळू केली आणि आरशातून मागे पाहिले. जावईबापूंनी काच आधीच खाली केली होती. त्यांच्या हातात दहा-दहाच्या कोऱ्या नोटांची पुडी होती. सेमाडोहच्या दुकानातून त्यांनी ती केव्हा मोडून घेतली, कोण जाणे!

"आई," ते मागे वळून म्हणाले, "यांना नमस्कार कसा म्हणायचा हो, कोरकूत?"

साठ वर्षे येते आहे. पण मला ते सांगता आले नाही.